ठोकळ्यांच्या गुण्यात उभं राहणारं स्टेशन

नांदगाव खंडेश्वरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर बडनेरा नाहीतर चांदूर रेल्वे गाठावं लागतं. माझ्या घरातल्या फळीवर मात्र शकुंतला धावते. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या 762 मिलिमीटरच्या नॅरोगेज मार्गाचा एक तुकडा मी 1:87 या प्रमाणात उभा करतो आहे. इंजीन आणि डबे विकत मिळतात. वऱ्हाडातलं स्टेशन, टिनाचं गोदाम, जिनिंगची शेड मात्र कुठेच विकत मिळत नाही, ती आपल्या हातानंच करावी लागते. या कामात लहान मुलांच्या लेगोच्या ठोकळ्यांनी मला जी साथ दिली, ती माझ्यासारख्या कुणाच्या तरी उपयोगी पडावी.

1. पहिला मान कोपऱ्याला. आमच्या गावचे एक जुने गवंडी म्हणतात, "भाऊ, पयले कोना गुण्यात घ्या, भित मंग आपोआप येते." सनबोर्डच्या दोन भिंती फेविकॉल धरेपर्यंत काटकोनात दाबून ठेवणं हाताला झेपत नाही. ठोकळ्याचा काटकोन खरा असतो. बेसप्लेटवर ठोकळ्यांचा चार थरांचा एल रचायचा, भिंती त्याला बाहेरून टेकवायच्या आणि कपड्याच्या चिमट्यांनी आवळायच्या. एल रचताना अगदी कोपऱ्यातला ठोकळा बसवायचा नाही. दाबल्यावर आत आलेला फेविकॉल त्या रिकाम्या जागेत राहतो आणि ठोकळे भिंतीला चिकटत नाहीत.

2. भिंत एकटीच उभी ठेवायची असेल, खिडक्यांच्या चौकटी बसवताना किंवा रंग देताना, तर बेसप्लेटवर ठोकळ्यांच्या दोन ओळी लावून मधे एका गुंडीची जागा मोकळी सोडायची. दोन गुंड्यांमधलं अंतर 8 मिलिमीटर, म्हणून खाचही जवळपास तेवढीच पडते. त्यात 5 मिलिमीटरचा सनबोर्ड आणि त्याच्या पाठीला 3 मिलिमीटरची पट्टी अशी बसते की भिंत ओळंब्यात उभी राहते, हलत नाही. ही जोडी सापडल्यावर मला फार आनंद झाला होता.

3. फेविकॉल ठोकळ्यावर सांडला तरी सुकल्यावर नखानं निघतो. फेविक्विक मात्र पक्कं धरतं आणि आजूबाजूला पांढरी झाक सोडतं. प्लास्टिक विरघळवून जोडणारी सोल्युशनं आणि ॲसिटोन तर ठोकळ्याजवळही आणू नका, कारण लेगोचा ठोकळा ज्या एबीएस प्लास्टिकचा असतो, तेच त्यात विरघळतं. मी भिंत आणि ठोकळा यांच्यामधे दुधाच्या पिशवीचा धुऊन कापलेला तुकडा ठेवतो. ठोकळे भाच्याचे आहेत. "मामा, काम झालं का माहे ब्लॉक वापस देजा," एवढीच त्याची अट असते, आणि ती पाळायची तर ठोकळे कोरे राहिले पाहिजेत.

4. एकाच कंपनीचे ठोकळे वापरा. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या लेगोनं आजच्या ठोकळ्याचं पेटंट 1958 साली मागितलं. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, इतकं ते माप जपलेलं आहे. जत्रेतल्या डब्यातले ठोकळे दिसायला तसेच असले तरी त्यांच्या मापाची खात्री देता येत नाही. पारख सोपी आहे: दहा ठोकळे एकावर एक रचा आणि स्टीलच्या पट्टीनं मोजा. वरच्या गुंड्या सोडून 96 मिलिमीटर भरले पाहिजेत. भरले तर जत्रेतलेही खुशाल घ्या.

5. आता हिशेब. या नादातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच. ठोकळ्याची उंची 9.6 मिलिमीटर, पातळ प्लेटची 3.2, म्हणजे तीन प्लेटी मिळून एक ठोकळा. 1:87 मध्ये एक प्लेट म्हणजे खऱ्या जगातले सुमारे 11 इंच आणि चार ठोकळे म्हणजे जवळपास 11 फूट, जुन्या खोलीची ऐसपैस उंची. ब्रॉडगेजवर उंच प्लॅटफॉर्म रुळाच्या माथ्यापासून 760 ते 840 मिलिमीटर ठेवतात. एक ठोकळा 87 पट केला की 835 येतात! मूर्तिजापूरला ब्रॉडगेज आणि नॅरोगेज शेजारी दाखवताना ब्रॉडगेजचा प्लॅटफॉर्म मी पट्टी न लावता रुळावर ठोकळा ठेवून घेतो. नॅरोगेजसाठी एन गेजचा 9 मिलिमीटरचा रूळ चालतो: 762 ला 87 नं भागलं तर 8.76 येतात, हा फरक डोळ्याला कळत नाही.

6. सनबोर्डला कटर लावण्याआधी अख्खी इमारत ठोकळ्यांत रचून जागेवर ठेवा. लाल, निळी, पिवळी कशीही दिसली तरी चालेल. खाली बसून डोळा रुळाच्या पातळीला आणा. सगळ्यात लांब डबा वळणावरून हातानं फिरवून बघा, छपराची कड कुठे घासते ते तिथल्या तिथे कळतं. जिनिंग-प्रेसिंग कारखान्याला हे फार लागतं. शकुंतलेचा जन्मच मुळी वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे पोचवण्यासाठी झाला, तेव्हा कापसाच्या गोदामांशिवाय तिचा देखावा अपुराच. पण पूर्ण मापाची शेड फळीवर मावत नाही. लांबी किती छाटली तरी शेड शेडच वाटेल, याचा अंदाज ठोकळे काढत-घालतच येतो.

7. शेडच्या कैच्या एकसारख्या हव्यात. एक कैची जरी उंच झाली तरी टिनाचा पत्रा लाटा घेतो. बेसप्लेट आडवी ठेवून कैचीच्या तिन्ही टोकांना ठोकळ्यांचे अडसर लावायचे आणि त्या साच्यात आइस्क्रीमच्या काड्यांच्या पट्ट्या जोडायच्या. पहिली आणि शेवटची कैची एकमेकींवर ठेवली तर कड कडेला लागते.

8. वऱ्हाडचा उन्हाळा ध्यानात घ्या. पारा 45 च्या पुढे गेला की फेविकॉलवर लगेच साय धरते, म्हणून थोडा-थोडाच लावायचा. त्याहून त्रास कूलरचा. त्याची दमट हवा माउंटबोर्ड वाकवते. भिंतीला एका बाजूनं विटांचा कागद डकवला तर दुसऱ्या बाजूनंही कागद डकवावा आणि रात्रभर भिंत ठोकळ्यांच्या खाचेत राहू द्यावी.

9. ड्युप्लोचे मोठे ठोकळे टाकून देऊ नका. ते बरोबर दुप्पट मापाचे असतात आणि उंच भिंतीला टेका द्यायला उत्तम.

10. इमारत फळीला कायमची चिकटवू नये, धूळ झाडायला ती उचलता आली पाहिजे. आतल्या मोकळ्या जागेची लांबी-रुंदी 8 च्या पटीत धरली की फळीवर प्लेटींची एक चौकट डकवता येते आणि इमारत तिच्यावर टोपणासारखी बसते. म्हणून नकाशा काढतानाच हे माप ठरवायचं.

11. नकाशासाठी खरी मापं लागतात, आणि शकुंतलेच्या बाबतीत हे काम आजच करायला हवं. वाफेचं इंजीन 1994 साली गेलं, डिझेल आलं, आता तीही गाडी बंद आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे, छोट्या गाड्यांची गोडी लागायला ते जरूर पाहावं. पण आपल्या मार्गावरची स्टेशनं आपणच मोजायची आहेत. टेप न्या, जोडीला एक माणूस न्या. दाराची उंची, खिडकीची रुंदी, छपराचा उतार वहीत लिहा. फोटो काढताना भिंतीला फूटपट्टी उभी टेकवा. विटा उघड्या दिसत असतील तर पाच थरांची उंची एकदम मोजून पाचानं भागा, एकच वीट मोजण्यापेक्षा हे माप खरं येतं. आणि मागची भिंतही मोजा, तिचे फोटो कुणीच काढलेले नसतात.