वाचकांचे प्रश्न : सासऱ्यांची विंचेस्टर आणि तिची खरी किंमत

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर ओहायोत नोकरी करतो. सहा महिन्यांपूर्वी माझं लग्न झालं. पत्नी अमेरिकन नागरिक आहे. तिचे वडील पेन्सिल्व्हेनियात राहायचे आणि दर हिवाळ्यात हरणांच्या शिकारीला जायचे. दोन महिन्यांपूर्वी ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी आपली लिव्हरची विंचेस्टर रायफल मुलीला दिली आहे. तिच्यावर ‘मॉडेल ९४’ असं कोरलंय. नंबर सात आकडी असून १७६ने सुरू होतो. एका दुकानदाराने ४०० डॉलर देऊ केले. रंग बराच उडाला आहे. पॉलिश करून विकली तर जास्त पैसे येतील का? कर किती पडेल?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : पॉलिश अजिबात करू नका. पण त्याआधी तुमच्या व्हिसाचं पाहू, कारण चूक झाली तर सर्वांत मोठा फटका तिथे बसेल. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तुमच्यासारख्या व्हिसाधारकाने बंदूक बाळगणं हा गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे काही मोजके अपवाद आहेत. रायफल पत्नीची आहे, ती तिच्याच ताब्यात राहू द्या. ती कुलपात ठेवा आणि किल्लीही तिच्याकडेच असू द्या. दुकानात तिनेच न्यावी. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही मनाई उरत नाही. मृत्युपत्राने मिळालेली बंदूक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. विकताना मात्र दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकाच्या हाती ती थेट देता येत नाही. परवानाधारक दुकानदारामार्फतच व्यवहार करा.

आता ओळख. हे मॉडेल जॉन ब्राउनिंग यांनी रचलं आणि १८९४मध्ये बाजारात आलं. सत्तर लाखांहून अधिक नग बनले, त्यामुळे नुसतं ‘जुनी विंचेस्टर’ म्हणून मोठा भाव येत नाही. भाव ठरतो तो साल, मूळपणा आणि अवस्था यांवर. तुमचा नंबर १९५०च्या आसपासचा आहे. १८९८पर्यंत बनलेली बंदूक केंद्रीय कायद्यात ‘अँटिक’ धरतात. ही त्यात बसत नाही. पण १९६४मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी बनावट बदलली, घडीव पोलादाच्या काही भागांऐवजी स्वस्त भाग वापरले. तो बदल साधारण २७ लाख नंबरपासून सुरू होतो. त्याआधीच्या रायफलींना संग्राहक ‘प्री-सिक्स्टीफोर’ म्हणतात आणि जास्त पैसे मोजतात. तुमच्या घरातली रायफल त्यातलीच आहे.

आता रंगाचं. पोलादावरची निळसर-काळी झिलई, म्हणजे ब्लूइंग, हात लागून लागून झिजते. रानातून चालताना ही रायफल जिथे मुठीत धरली जाते, त्या मधल्या भागाच्या पोटावर पोलाद राखाडी दिसू लागतं. जाणकार ग्राहक ही झीज समजून घेतो, कारण ती प्रामाणिक असते. पुन्हा ब्लूइंग केलं की कोरीव अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि किंमत निम्म्यावरही येऊ शकते. पत्नीला आणखी तीन गोष्टी पाहायला सांगा : स्क्रूंच्या खाचा चेंदल्या आहेत का, बाजूला दुर्बिणीसाठी नंतर भोकं पाडली आहेत का आणि लाकडी दस्ता कापून रबरी पॅड बसवलाय का. यातलं काहीही असेल तर भाव उतरतो. मात्र हे पाहण्याआधी जाणकाराकडून रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्या. नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये काडतूस राहिलेलं बाहेरून दिसत नाही.

भाव शोधताना लिलावाच्या संकेतस्थळांवर मागितलेली किंमत पाहू नका. त्याच सालाची, तशाच अवस्थेची रायफल प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहा. दुकानदाराला ती पुन्हा नफ्याने विकायची असते, म्हणून तो कमीच सांगणार. हा हिशेब हातात येईपर्यंत ४०० डॉलरला होकार देऊ नका. स्वतः विकत न घेणाऱ्या मूल्यमापकाकडून सासऱ्यांच्या मृत्यूच्या तारखेचं लेखी मूल्यांकन घ्या.

हा कागद करासाठी दोनदा कामी येतो. पेन्सिल्व्हेनियात वारसा कर आहे, मुलांसाठी तो ४.५ टक्के आहे. मृत्युपत्राचा व्यवस्थापक विवरणपत्रात रायफलची हीच किंमत दाखवेल. पुढे विकल्यास केंद्रीय आयकरात मृत्यूच्या दिवसाचा बाजारभाव हीच खरेदीकिंमत धरली जाते. सासऱ्यांनी ती कितीला घेतली होती याचा संबंध उरत नाही. लवकर आणि त्याच भावाने विकली तर करपात्र नफा जवळजवळ नसतो.

आणि विकायची घाई नसेल तर एक करा. वडील ही रायफल कोणत्या रानात नेत, कोणत्या हिवाळ्यात काय घडलं, हे पत्नीला आठवतं तसं लिहून काढा, त्यांचा रायफलसह एखादा फोटो असेल तर सोबत ठेवा. अशा सर्वसाधारण रायफलीला त्याने फार डॉलर वाढत नाहीत, पण तुमच्या मुलांना आजोबा कळतील. विकायची की ठेवायची हे मात्र पत्नीला ठरवू द्या. वडिलांनी ती तिच्या नावे केली आहे.