बीटचे शेत घेताना पाला नव्हे, अंतर पाहा

आपल्यापैकी अनेक व्यापारी धंद्यातले चार पैसे शेतमालात घालतात. कोणी वाट्याने शेती करतो, कोणी उभे पीक विकत घेतो. आमचा मूळ धंदा कापडाचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही बीटचे एक एकर उभे पीक घेतले. शेत हिरवेगार, पाय ठेवायला जागा नाही. बांधाजवळचे दोन-तीन कंद उपटून पाहिले, चांगले मुठीएवढे भरले. सौदा पक्का केला. काढणी सुरू झाली तेव्हा आतल्या भागात लिंबाएवढे, कुठे बोटाएवढे कंद निघाले. अडत्याने तो माल वेगळा काढून निम्म्या भावाने घेतला. शेतकऱ्याने काही लपवले नव्हते. पाहायचे काय, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

दाटी का होते?

बीटचे जे बी आपण पेरतो ते बहुतेक जातींत एकच बी नसते. तो दोन ते पाच बियांचा गुच्छ असतो. त्यामुळे अंतर राखून पेरले तरी एका जागी दोन-चार रोपे उगवतात. म्हणून उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, जमीन ओलसर असताना, विरळणी करावी लागते. प्रत्येक जागी एकच जोमदार रोप ठेवायचे. मजुरी वाचवण्यासाठी किंवा हिरवे रोप उपटायला हात धजत नाही म्हणून हे काम टाळले जाते. खरे तर उपटलेला कोवळा पाला भाजीला चालतो.

अंतराचा परिणाम

दोन ओळींत साधारण ३० ते ४५ सें.मी. आणि दोन रोपांत ८ ते १५ सें.मी. अंतर ठेवतात. दाटीत रोपे ऊन, पाणी आणि खतासाठी भांडतात. पाला उंच वाढतो, पण कंद फुगत नाही. शेजारचा कंद खेटला की आकार वाकडा होतो. उलट, फार विरळ लागवडीत कंद मोठा होतो, पण संख्या घटते, मोकळ्या जागेत तण माजते आणि काढणी लांबली तर मोठा कंद जरठ होतो. हे कापडासारखेच आहे. फणीच्या एका घरात नको तितके धागे कोंबले तर धागा तुटतो, फार विरळ ठेवले तर कापड झिरझिरीत होते.

नफ्याचा हिशेब

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौ. मीटर. ३० × १० सें.मी. अंतरावर सुमारे १ लाख ३५ हजार रोपे बसतात, ३० × ५ वर २ लाख ७० हजार आणि ४५ × १५ वर ६० हजार. आता समजण्यासाठी असे धरू की १० सें.मी. अंतरावर कंद सरासरी १०० ग्रॅमचा आणि ५ सें.मी. अंतरावर ५० ग्रॅमचा भरला. दोन्हीकडे वजन कागदावर साडेतेरा टनच. पण मध्यम मालाला किलोला १० रुपये आणि बारीक मालाला ५ रुपये भाव मिळाला, तर एकीकडे १ लाख ३५ हजार रुपये येतात, दुसरीकडे ६७ हजार ५००. शिवाय दुप्पट कंद उपटणे, पाला कापणे आणि धुणे यांची मजुरी वेगळी. ४५ × १५ वर कंद १८० ग्रॅमचा धरला तरी माल १०.८ टनच होतो. शेतात काही रोपे मरतात, म्हणून प्रत्यक्ष आकडे याहून कमी येतील. पण धडा तोच राहतो: वजन सारखे असले तरी पैसा सारखा नसतो.

सौदा करताना

१. बांधाजवळचा माल पाहून भुलू नका. कडेच्या रोपाला एका बाजूने जागा मोकळी मिळते, म्हणून ते बहुधा जास्त भरते.

२. शेताच्या आत पाच ठिकाणी जा. ओळीत एक मीटर पट्टी ठेवून रोपे मोजा. दहाच्या आसपास असली तर ठीक. वीस किंवा अधिक असली तर भाव त्याप्रमाणे बोला.

३. कंदाचा माथा जमिनीवर दिसतो. माती थोडी सारून जाडी पाहा.

४. वाट्याने शेती असेल तर विरळणीची मजुरी खर्चात आधीच धरा. आपला गिऱ्हाईक कोणता माल उचलतो हे विचारूनच अंतर ठरवा.

कापड घेताना आपण ताग्याचे फक्त टोक पाहत नाही, आतून उलगडून पाहतो. शेतही तसेच उलगडून पाहावे.