गळीत हंगामातील रस्ता आणि आपली सायकल



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातले रस्ते रात्रंदिवस वाहतात. ट्रक, दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बैलगाड्या. आणि त्यांच्यामधून वाट काढीत शाळेची मुले व पाळीचे कामगार सायकलवर जातात. सायकलला परवाना लागत नाही, त्यामुळे तिचे नियम कोणी शिकवीत नाही. म्हणून या खेपेस ऊस लागवड बाजूला ठेवून थोडे याविषयी.

१) वळणावरची ट्रॉली : ट्रॅक्टर ज्या चाकोरीने वळतो, त्या चाकोरीने मागची ट्रॉली वळत नाही. ती आतल्या अंगाला ओढली जाते. लांब दोर कोपऱ्यावरून ओढला की तो कोपरा कापतो, तसाच हा प्रकार. डावीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूस सायकल असेल, तर ट्रॅक्टर पुढे गेला म्हणजे सुटलो असे वाटते. पण खरा धोका मागून येत असतो. उसाच्या भरीमुळे ड्रायव्हरला मागचे दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. फाट्यावर किंवा कारखान्याच्या गेटवर मागेच थांबावे. शेवटची ट्रॉली वळू द्यावी, मग निघावे.

२) ट्रॉलीला धरणे : पोरे ट्रॉलीची साखळी धरून सायकल ओढून घेतात, चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसतात. ऊस अडकला किंवा खड्डा आला की तोल जातो, आणि पडणारा चाकाकडेच पडतो. एका कांडक्यापायी जीव घालवायचा का? ऊस खायचाच तर घरच्या फडातला खावा. हे पोरांना आजच बजावा.

३) अंतर : ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात सुमारे ४ मीटर जाते. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंतच एवढे अंतर संपते. म्हणून ट्रॉलीच्या पाठीस चिकटू नये. दवाने भिजलेल्या पाचटावरून चाक घसरते. तेथे एकदम ब्रेक लावू नये. एरवी दोन्ही ब्रेक मिळून लावावेत, नुसता पुढचा नव्हे.

४) घोळक्याने जाताना : तिघे-चौघे खांद्यावर हात टाकून, गप्पा मारीत जाऊ नये. डाव्या बाजूने एकामागे एक चालावे, दोन सायकलींत निदान एका सायकलीइतकी जागा ठेवावी. पुढच्याचे मागचे चाक आणि आपले पुढचे चाक शेजारी येऊ देऊ नये. त्याने हँडल जरा वळवले तरी मागचा आपटतो. पुढच्याने "खड्डा" आणि शेवटच्याने "मागून गाडी" अशी आरोळी द्यावी. वळण्याआधी मागे बघून हात दाखवावा.

५) रात्री : पुढे दिवा, मागे तांबडा रिफ्लेक्टर, अंगात पांढरा सदरा. रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, दुसऱ्याच्या दिव्याचा उजेड परत फेकतो. चिखलाने माखला की तो असून नसल्यासारखा. रोज फडक्याने पुसावा. समोरचा दिवा डोळ्यावर आला तर रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघत सायकल हळू करावी.

वाहतूकदार सभासदांनाही विनंती. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा, उसाची शेंडी बाहेर लोंबू देऊ नका, आणि बंद पडलेली ट्रॉली अंधारात रस्त्यावर सोडून जाऊ नका. सायकलवाला तिच्यावर येऊन आदळतो.

तोड चार दिवस लांबली तर ऊस पुन्हा तोडता येतो. गेलेला माणूस परत येत नाही. हा अंक घरातल्या शाळकरी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी