परदेशी जाणारी मिरची आणि सुका पाला : माल देणारा कसा पारखावा?

मिरची, मेथी, पुदिना, कढीपत्ता असा ओला किंवा वाळलेला माल परदेशी धाडणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव खेपेवर असते. पण बहुधा तो माल त्याने स्वतः पिकवलेला वा वाळवलेला नसतो. तो कोणाकडून घेतला, यावरच त्याची पत आणि भांडवल टिकते. गावच्या बाजारात खराब पोते निघाले तर चार रुपये कमी करून सौदा मिटतो. परदेशी बंदरात खेप अडली की ती परत आणण्याचा किंवा तेथेच नष्ट करण्याचा खर्चही पाठवणाऱ्याच्या डोक्यावर बसण्याची वेळ येते. लहान व्यापाऱ्याचे दुकान अशा एका खेपेत बसू शकते.

आपल्या खानदेशात हा धंदा समजून घ्यायचा तर नंदुरबारच्या मिरची बाजाराकडे पाहावे. १ जुलै १९९८ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच मोडत असे. तेथे शेतकरी लाल मिरची ओलीच बाजारात आणतो आणि व्यापारी ती मोकळ्या मैदानात पथारीवर वाळवतो. शंभर किलो ओल्या मिरचीतून साधारण २५ ते ३५ किलो सुकी मिरची हाती येते. म्हणजे मालाचा दर्जा जितका शेतात, तितकाच पथारीवर ठरतो. वाळवणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला आणि माल वेळेवर झाकला गेला नाही, तर मिरचीला बुरशी धरते. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि नेहमीच्या शिजवण्याने जातही नाही. युरोपीय संघाने सुक्या मिरचीसाठी या विषातील बी-१ प्रकाराची मर्यादा किलोमागे अवघी ५ मायक्रोग्रॅम आणि सर्व प्रकार मिळून १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग!

पावसाने भिजणे एक वेळ समजू शकते. मुद्दाम पाणी मारणे हा वेगळा प्रकार. हिशेब करून पाहा. १० टक्के ओल असलेल्या एका क्विंटल मिरचीत ९० किलो खरा माल असतो. तोच माल १६ टक्के ओलीवर नेला की काट्यावर १०७ किलो भरतो. वरचे सात किलो म्हणजे मिरचीच्या भावाने विकलेले पाणी, आणि त्याच पाण्यातून पुढे बुरशी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतून बोटांना ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितल्यावर, मग भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी त्याला विचारले. हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. खरेदीदाराने तर तो रोजच्या कामाची पद्धत म्हणून घ्यावा : हात पोत्याच्या तळाशी घालावा.

दुकानातला नमुना पाहून सौदा करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाळवणीच्या दिवसांत, शक्यतो न कळवता, पथारीवर जाऊन यावे. ताडपत्री पुरेशी आहे का, माल उघड्या मातीवर पसरला आहे का, कुत्री-शेळ्या फिरतात का, हे अर्ध्या तासात कळते. नीट वाळलेली मिरची हलवली की आतले बी खडखडते. ओली मिरची मुडपते. पुदिना आणि मेथी सावलीत वाळलेली असेल तर हिरवी राहते. कडक उन्हातली पिवळी, तपकिरी पडते. शेवटी ओल मोजण्याचे यंत्र लावावे. प्रयोगशाळेला जाणारा नमुना मात्र आपण स्वतः, अनेक पोत्यांतून काढावा. माल देणाऱ्याने पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल हा त्या नमुन्याचा असतो, आपल्या मालाचा नव्हे.

रंगाबद्दलही सावध असावे. २००३ साली फ्रान्समध्ये भारतीय मिरचीपुडीत सुदान नावाचा कापड-मेणाला देण्याचा रंग सापडला. पुढे फेब्रुवारी २००५ मध्ये अशाच एका पुडीमुळे ब्रिटनमध्ये ४०० हून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. म्हणून निर्यातीसाठी शक्यतो अख्खी मिरची घ्यावी, पूड आपल्या देखरेखीखाली करून घ्यावी. जंतू मारण्यासाठी वाफ वापरतात की इथिलीन ऑक्साइड वायू, हेही विचारावे. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने भारतातील दोन नामांकित कंपन्यांच्या मसाल्यांत हाच वायू आढळल्याचे जाहीर केले होते.

ओल्या पाल्याची गोष्ट निराळी. तेथे शत्रू वेळ आहे. जळगाव-धुळ्याहून मुंबईचा विमानतळ गाठेपर्यंत रात्र जाते. कापणी किती वाजता झाली, माल गार करून भरला की तापलेलाच, एवढे दोन प्रश्न पुरे. कढीपत्त्याबाबत तिसरा प्रश्न फवारणीचा, कारण भारतीय कढीपत्त्यावर कीटकनाशकांच्या अंशांसाठी युरोपीय संघाने २०१० नंतरच्या काळात वाढीव तपासणी लावली. ज्याला शेतकऱ्याचे नाव आणि फवारणीची तारीख सांगता येत नाही, त्याच्याकडून युरोपसाठी पाला घेऊ नये.

कागदपत्रे फारशी अवघड नाहीत. माल देणाऱ्याकडे अन्नसुरक्षा परवाना हवा. निर्यात करणाऱ्याकडे आयात-निर्यात कोड, मसाल्यासाठी स्पायसेस बोर्डाची आणि ताज्या भाजीपाल्यासाठी अपेडाची नोंदणी हवी.

करार मात्र तोंडी ठेवू नये. ओलीची कमाल टक्केवारी, नमुना कोणी काढायचा, दोघांच्या सह्यांचा मोहोरबंद नमुना कोणाकडे राहील आणि खेप नाकारली गेल्यास खर्च कोणाचा, हे मराठीत का होईना, पण लिहून घ्यावे. ईसीजीसी लिमिटेडचा (पूर्वीची एक्स्पोर्ट क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन) विमा घेतला म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ असतात. परदेशी गिऱ्हाईक बुडाले तर त्या विम्याचा आधार मिळतो. मालाच्या दर्जावरून तंटा झाला तर सहसा मिळत नाही. तेव्हा हाती उरतो तो फक्त हा लेखी करार आणि तो मोहोरबंद नमुना.