पाळणाघरातल्या जेवणाचे पैसे वेगळे घ्यावेत का?

प्रश्न : मी घरीच पाळणाघर चालवते. फीमध्येच मुलांना जेवण देते, पण आता परवडत नाही. वेगळे पैसे मागितले, तर एक आई म्हणाली, "अंगणवाडीत तर फुकट मिळतं." माझं चुकतंय का?
– एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : ताई, अजिबात चुकत नाही. अंगणवाडीतला आहार सरकारी खर्चाचा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा तो हक्कच आहे. तुमच्याकडचा किराणा आणि गॅस मात्र तुमच्या खिशातून येतो.

मला तर वेगळे पैसे घेणंच जास्त सरळ वाटतं. सांभाळण्याची फी ठरलेली ठेवा, जेवणाचे पैसे हजेरीप्रमाणे घ्या. वरण-भात, ज्वारीची मऊ भाकरी, दुपारची मोसंबी, असा महिन्याचा खर्च वहीत मांडून पालकांना दाखवा. आकडे दिसले की कुरकुर कमी होते. ज्यांना नको, त्यांचा घरचा डबा चालू द्या. एखादं मूल अंगणवाडीत जेवून येत असेल, तर त्या जेवणाचे पैसे लावू नका. वाढ मात्र महिनाभर आधी सांगून करा.

शिजवून पैसे घेताय, तेव्हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे छोट्या व्यावसायिकांसाठीची नोंदणी करून घ्या. कुणाला दूध, शेंगदाणे सोसत नाहीत, ते पालकांकडून लिहून घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. लहानग्यांना अख्खे शेंगदाणेही नकोत, घशात अडकतात. कूट करून भाजीत घाला. मोसंबीच्या बियाही काढून द्या.