चिआंग माईतला संसार : महिन्याचा हिशेब आणि वर्षाचा हिशेब

भारतातल्या कंपनीची नोकरी कायम ठेवून परदेशात राहणाऱ्यांचा खर्च तीन प्रकारचा असतो : दरमहा येणारा, एकदाच येणारा आणि ठरावीक ऋतूत किंवा ठरावीक तारखेला येणारा. जाण्याआधी बहुतेक जण फक्त पहिला मोजतात. उरलेले दोन न मोजल्याने काय होते, याचे उदाहरण म्हणून उत्तर थायलंडमधल्या चिआंग माई शहराचा विचार येथे केला आहे. प्रस्तुत लेखक ऑक्टोबर २०२४ ते जून २०२५ असे आठ महिने या शहरात राहून पुण्यातल्या एका कंपनीचे काम करत होता. पुढील सूचनांपैकी बऱ्याचशा त्याच्या चुकांतून आल्या आहेत.

परवाना

दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी थायलंडने जुलै २०२४ मध्ये ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ (डीटीव्ही) सुरू केला. तो पाच वर्षांचा असतो. दर प्रवेशाला १८० दिवस राहता येते. त्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि खात्यात पाच लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते. लेखकाच्या मुक्कामात बाथचा भाव अडीच ते पावणेतीन रुपयांच्या दरम्यान होता, म्हणजे ही शिल्लक साडेबारा लाख रुपयांच्या पुढे जात होती. शुल्क १०,००० बाथच्या आसपास पडते. या व्हिसावर थाई कंपनीचे किंवा थाई ग्राहकाचे काम करता येत नाही. मुदत उलटून राहिल्यास दिवसाला ५०० बाथ दंड होतो आणि तो २०,००० बाथपर्यंत वाढतो.

कंपनीची परवानगी लेखी घ्यावी. ‘घरून काम’ या सवलतीत ‘परदेशातून काम’ आपोआप येत नाही. कर, माहितीची सुरक्षितता आणि कार्यालयीन लॅपटॉप देशाबाहेर नेणे, या तिन्हींवर कंपनीचे वेगळे नियम असू शकतात.

घर

परक्या माणसाला पहिल्यांदा निम्मानहेमिन रस्त्याचा परिसर दाखवला जातो. लेखकाला तिथे एक खोली, स्वयंपाकाचा ओटा आणि गॅलरी १२,००० बाथला मिळाली. तिथून थोड्याच अंतरावरच्या सांतितामसारख्या वस्तीत तशीच खोली बरीच स्वस्त मिळते. घर घेताना दोन महिन्यांचे डिपॉझिट आणि एका महिन्याचे आगाऊ भाडे देण्याची पद्धत आहे, म्हणून लेखकाचे पहिल्याच दिवशी ३६,००० बाथ गेले. करार वर्षाचा केला तर भाडे थोडे उतरते. त्या मोहाने त्याने वर्षाच्या करारावर सही केली. आठ महिन्यांनी परतावे लागले, तेव्हा डिपॉझिटचे २४,००० बाथ घरमालकाकडेच राहिले. सहा महिन्यांच्या करारात ते वाचले असते.

भाड्याइतकेच विजेच्या दराकडे पाहावे. सरकारी दर युनिटला चार-साडेचार बाथ असताना अनेक इमारतींचे मालक सात-आठ बाथ लावतात. वातानुकूलन यंत्र चालू असेल तर महिन्याला २५० युनिट सहज जळतात. साडेचारच्या दराने त्याचे सव्वाअकराशे बाथ होतात, तर आठच्या दराने दोन हजार. राहायला जाण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा.

घरमालकाकडून आणखी एक गोष्ट वसूल करायची असते, ती म्हणजे एक कागद. परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांत त्याची नोंद इमिग्रेशन खात्याकडे करणे मालकावर बंधनकारक आहे. हा ‘टीएम-३०’ अर्ज. लेखकाच्या मालकाने तो भरलाच नव्हता. सलग ९० दिवस राहिल्यावर पत्त्याची जी नोंद स्वतः करावी लागते, तिच्यासाठी जानेवारीत कार्यालयात गेल्यावर हे उघड झाले. कामाचे दोन दिवस रांगेत गेले आणि दंडाच्या रकमेवरून मालकाशी वाद झाला तो वेगळाच. ‘टीएम-३०’ची पावती हातात पडल्याशिवाय भाड्याचा दुसरा हप्ता देऊ नये.

पैसा

पगार रुपयांत भारतातल्या खात्यात आणि खर्च बाथमध्ये, अशी व्यवस्था असली की गळती मधल्या वाटेवर होते. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की लेखकाच्या मुक्कामात दर वेळी २२० बाथ शुल्क लागत असे. पाच हजार काढले तर ते साडेचार टक्क्यांच्या जवळ जाई, वीस हजार काढले तर एक टक्क्याच्या आसपास राही. त्यावर भारतीय बँकेचे चलन-बदलाचे दोन ते साडेतीन टक्के वेगळे. रक्कम रुपयांत बदलून घ्यायची का, असे यंत्राने विचारल्यास नकार द्यावा, कारण तो दर जवळजवळ नेहमीच महाग असतो. लेखकाने आठ महिन्यांत सोळा वेळा थोडे थोडे पैसे काढले आणि ३,५२० बाथ नुसत्या शुल्कात घालवले.

भारतातला मोबाइल क्रमांक चालू ठेवणे हा किरकोळ वाटणारा, पण अत्यावश्यक खर्च आहे. ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. रिचार्ज संपून क्रमांक बंद झाला की स्वतःच्याच खात्यातले पैसे हलवता येत नाहीत. रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे.

खाणे आणि दिवसाची घडी

रस्त्यावरच्या दुकानात भात आणि कालवणाची थाळी ५० ते ७० बाथला मिळते. कॉफीच्या एका कपाला जवळपास तेवढेच पडतात. काम करायला म्हणून रोज दोन कप कॉफी घेत कॅफेत बसणारा माणूस जेवणापेक्षा टेबलासाठी जास्त मोजतो. शाकाहारी माणसाने पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेला ‘जे’ हा शब्द ओळखायला शिकावे. नुसते ‘मांस नको’ सांगून भागत नाही, कारण माशांचा रस, म्हणजे नाम प्ला, भाजीतही असतो. ‘जे’ जेवणात कांदा-लसूणही नसतो. वारोरोत बाजारात डाळी, मसाले आणि ताजी भाजी मिळते. ज्या कसाव्याच्या पिठाचा साबुदाणा होतो, त्याचा थायलंड मोठा निर्यातदार आहे, त्यामुळे उपवासाची अडचण होत नाही.

थायलंडचे घड्याळ भारताच्या दीड तास पुढे आहे. पुण्यातले सकाळी दहाचे कार्यालय तिथे साडेअकराला सुरू होते आणि संध्याकाळी सातला सुटणारे साडेआठला सुटते. सकाळ मोकळी मिळते, म्हणून सरकारी कामे आणि बाजार तेव्हाच उरकावेत. अमेरिकी वेळेनुसार काम असणाऱ्याचा दिवस मात्र पहाटेपर्यंत लांबतो. त्याने रात्रभर उघड्या असणाऱ्या जागेचा खर्च आधीच धरावा.

धूर

चिआंग माई डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उत्तर थायलंड, म्यानमार आणि लाओसमध्ये जंगलात वणवे लागतात, मक्याची व इतर पिकांची धाटे जाळली जातात. वरच्या उबदार हवेच्या थराखाली हा धूर खोऱ्यात कोंडून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. वाईट दिवशी इथली हवा तिच्या कित्येक पट पुढे जाते, आणि मार्च महिन्यात जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत हे शहर वरच्या क्रमांकावर आलेले आहे.

लेखकाने नोव्हेंबरातली स्वच्छ थंडी पाहून वर्षाचा करार केला होता. मार्चमध्ये त्याने ४,५०० बाथचे हवा शुद्ध करणारे यंत्र घेतले. तरीही खोकला थांबेना, तेव्हा दक्षिणेला समुद्रकाठच्या हुआ हिन गावी एक महिना काढला. तिथले भाडे आणि प्रवास मिळून २२,००० बाथ झाले आणि निम्मानहेमिनच्या रिकाम्या खोलीचे भाडेही चालूच राहिले. येथे राहायला येणाऱ्याने करार सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवावा.

आरोग्य आणि दुचाकी

भारतातली मेडिक्लेम पॉलिसी सहसा परदेशातल्या उपचारांना लागू होत नाही, आणि थायलंडमधली खासगी रुग्णालये दाखल करून घेण्याआधी पैशांची हमी मागतात. लेखकाला स्वतंत्र विम्याला १८,००० बाथ लागले. भाड्याची स्कूटर महिन्याला ३,००० बाथच्या आसपास मिळते. ती चालवण्यासाठी दुचाकीचा भारतीय परवाना आणि आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही लागतात. दुसऱ्यावर दुचाकीच्या वर्गाची नोंद आहे ना, हे पाहून घ्यावे. ती नसेल तर पोलिसांचा दंड सोसता येतो, पण अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

दिवसांचा हिशेब

एका कॅलेंडर वर्षात थायलंडमध्ये १८० दिवस राहणारा तिथला कर-रहिवासी ठरतो. १ जानेवारी २०२४ पासून अशा रहिवाशाने देशात आणलेल्या परदेशी उत्पन्नावरही कर लागू झाला आहे. १ जानेवारीपासून सलग राहिल्यास २९ जूनला १८० दिवस भरतात. भारतात हिशेब एप्रिल ते मार्च असा चालतो आणि १८२ किंवा अधिक दिवस देशात असलेला माणूस रहिवासी धरला जातो. लेखक १५ ऑक्टोबरला निघाला, तोवर त्या आर्थिक वर्षाचे १९७ दिवस भारतात भरले होते, म्हणून त्याचा कर भारतातच राहिला. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण त्याचा लाभ घेण्यासाठी मुक्कामाचा पुरावा लागतो. पासपोर्टवरच्या प्रत्येक शिक्क्याची प्रत जपून ठेवावी.

एकूण

लेखकाने निघताना महिन्याला २८,००० बाथ धरले होते : भाडे, वीज, इंटरनेट, जेवण आणि स्कूटर. त्या बाबतीत त्याचा अंदाज चुकला नाही. बुडालेले डिपॉझिट २४,०००, हुआ हिनचा महिना २२,०००, विमा १८,०००, व्हिसा १०,०००, हवेचे यंत्र ४,५०० आणि एटीएमचे शुल्क ३,५२०, असे ८२,०२० बाथ मात्र त्या अंदाजात कुठेच नव्हते. आठ महिन्यांवर वाटले तर ते दरमहा दहा हजारांवर जातात, म्हणजे खरा खर्च ३८,००० बाथ झाला. विमानाचे तिकीट त्यात धरलेले नाही. यातले विमा आणि व्हिसाचे २८,००० बाथ अटळ होते. उरलेल्या ५४,०२० बाथांपैकी बहुतेक रक्कम कराराची मुदत आणि धुराचे महिने एकमेकांशी ताडून पाहिले असते, तर वाचली असती.