लायसँडर : हळू उडणारे विमान

विमान जितके वेगवान तितके ते चांगले, असे आपण सहज म्हणतो. पण मुद्दाम हळू उडण्यासाठी बनवलेल्या एका विमानातून दुसऱ्या महायुद्धात भारतीय वैमानिकांनी बाँबफेक केली. त्या विमानाचे नाव वेस्टलँड लायसँडर. मुंबईत जमलेल्या युद्धनिधीतून १९४१ साली ही विमाने भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला भेट मिळाली होती.

पेटर या इंग्रज अभियंत्याच्या आराखड्यानुसार बनलेले हे विमान प्रथम उडाले १५ जून १९३६ रोजी. शत्रूच्या हालचाली टिपणे, निरोप पोचवणे आणि लहानशा मैदानावर उतरणे, ही त्याची कामे. त्याचा सर्वाधिक वेग ताशी सुमारे ३४० किलोमीटर होता. पण ताशी १०५ किलोमीटर इतक्या कमी वेगातही ते तरंगू शके. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पूर्ण वेगात लायसँडर ते १९ सेकंदांत ओलांडील, तर संथ गतीने त्याला मिनिटभर लागेल. खालचे दृश्य न्याहाळायला हा अवधी मोलाचा!

मग इतक्या कमी वेगात ते कोसळत का नसे? पंखांना वर उचलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग एक-तृतीयांश झाला, तर बल एक-नवमांश होते. ही तूट भरून काढण्यासाठी विमानाचे नाक वर करून पंखाचा हवेशी होणारा कोन वाढवावा लागतो. पण कोन फार वाढला, की हवेचा प्रवाह पंखाच्या पाठीपासून सुटतो आणि बल एकदम घटते. लायसँडरच्या पंखांच्या पुढच्या कडेला पट्ट्या होत्या. कोन वाढताच त्या आपोआप पुढे सरकत आणि फटीतून येणारी हवा प्रवाहाला पंखालगत धरून ठेवी. त्याच वेळी मागच्या झडपाही खाली येत.

परंतु हाच गुण लढाईत दोष ठरला. शत्रूची लढाऊ विमाने कितीतरी वेगवान होती. १९४० साली फ्रान्स व बेल्जियममधील लढाईत शंभराहून अधिक लायसँडर नष्ट झाली. पुढच्या फळीसाठी विमान कालबाह्य झाले होते.

तरीही फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशात पहिल्या स्क्वाड्रनजवळ हीच विमाने होती. टाँगूच्या तळावर जपान्यांनी हल्ला केला, तेव्हा स्क्वाड्रन लीडर के. के. मजुमदार यांनी लायसँडरला २५० पौंडांचे दोन बाँब टांगले आणि झाडांच्या शेंड्यांलगत उडत थायलंडमधील जपानी विमानतळावर ते टाकले. दुसऱ्या दिवशी स्क्वाड्रननेही तेथे हल्ला केला. मजुमदारांना पुढे डी. एफ. सी. हे शौर्यपदक मिळाले.

इतक्या खालून बाँब का टाकायचा? ४५ मीटर उंचीवरून पडायला बाँबला सुमारे ३ सेकंद लागतात. विमानाचा वेग सेकंदाला ६० मीटर असेल, तर बाँब १८० मीटर पुढे जाऊन पडेल. आता ५०० मीटर उंची घेऊन हेच गणित स्वतः करा. हवेचा रोध सोडून द्या आणि गुरुत्वीय त्वरण १० धरा. नेम कोठून अचूक लागेल, आणि त्यासाठी वैमानिकाने कोणता धोका पत्करला, हे तुमचे उत्तरच सांगेल.